मोठी पुडी, एक लिटर पाणी: इलेक्ट्रालचं परीक्षण, आणि त्याच फळीवरच्या शेजाऱ्यांचंही

औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं "ओआरएस द्या" (म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून पाजायची क्षार-ग्लुकोजची भुकटी) म्हटलं की हातात काय पडेल याचा नेम नसतो. कधी २१.८ ग्रॅमची मोठी पुडी, कधी ४.४ ग्रॅमची छोटी, कधी स्ट्रॉ चिकटवलेला दोनशे मिलीचा खोका, तर कधी ग्लुकोजचा डबा. चारही एकाच फळीवर खेटून बसलेल्या असतात, मे महिन्यात चौघींचाही खप सारखाच जोरात असतो, आणि काम मात्र प्रत्येकीचं वेगळं. हे परीक्षण पहिल्या दोघींचं, म्हणजे इलेक्ट्रालच्या मोठ्या आणि छोट्या पुडीचं. बाकीच्या येतील त्या तुलनेपुरत्या.

निकाल आधीच देऊन टाकतो. जुलाब-उलट्यांत शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला वीस-पंचवीस रुपयांत याहून चांगली वस्तू बाजारात नाही. तासाभराच्या व्यायामाला ती लागतच नाही. उन्हात दीड-दोन तास घाम गाळणाऱ्याला ती उपयोगाची आहे, पण अर्धीच. उरलेलं अर्धं काम खाण्याकडून करून घ्यायचं. आणि दिवसभर एसीत बसून 'हायड्रेशन'च्या नावाखाली रोज एक पुडी रिचवणाऱ्यांनी तेवढ्या पैशांचं ताक प्यावं.

पुडीच्या आत

इलेक्ट्राल ही मुंबईच्या एफडीसी कंपनीची. सूत्र मात्र जागतिक आरोग्य संघटनेचं, त्यामुळे त्याच सूत्राची दुसऱ्या कोणत्याही कंपनीची पुडी किंवा आशाताईंकडून मिळणारी सरकारी पुडी घेतली तरी आतला माल तोच. एका लिटरसाठी साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. बेरीज २०.५. इलेक्ट्रालची मोठी पुडी २१.८ ग्रॅम भरते, ते वरचं सव्वा ग्रॅम स्वादाचं आणि तत्सम गोष्टींचं.

यातलं ग्लुकोज ताकदीसाठी आहे असा एक पक्का गैरसमज आहे. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे जेमतेम पन्नास कॅलरी, एका लहानशा केळ्याहूनही कमी. त्याची नेमणूक वेगळ्या कामावर आहे. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोबत सोडियमचे दोन कण ओढून नेतं, आणि सोडियम-ग्लुकोज जिकडे गेलं तिकडे पाणी आपोआप जातं. कॉलऱ्यासारख्या आजारात आतडं पाणी बाहेर टाकत असतं तेव्हाही हे दार शाबूत असतं. सगळी किमया या एका दारावर उभी आहे, म्हणून ग्लुकोज आणि सोडियमचं प्रमाण बरोबरीचं ठेवलेलं आहे: लिटरला दोन्ही ७५ मिलिमोल (हे वजनाचं नव्हे, कणांची संख्या मोजायचं माप).

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण पिंपांतून तोंडावाटे द्यायला लावलं आणि तिथलं मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आजची पुडी ही त्याच औषधाची सुधारलेली आवृत्ती. जुन्या सूत्रात सोडियम ९० आणि ग्लुकोज १११ मिलिमोल होतं, द्रावणात विरघळलेल्या कणांची एकूण दाटी, म्हणजे ऑस्मोलॅरिटी, ३११ होती. २००२ मध्ये ती २४५ वर आणली. रक्ताची असते २८५ ते २९५. द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ झालं, त्यामुळे आतड्यातून रक्तात पाणी शिरायला वाट सोपी झाली. हा २४५ चा आकडा लक्षात ठेवा, कारण पुडीच्या बाबतीत घरोघरी होणारी सगळी गडबड या आकड्याशी आहे.

माप चुकतं ते इथे

मोठी पुडी फाडली, ग्लासात ओतली, चमचा फिरवला, "घे, पिऊन टाक." ही रीत इतकी सर्रास आहे की पुडीवर लिहिलेलं 'एक लिटर' कोणी वाचतं की नाही याची शंका यावी. दोनशे मिलीच्या ग्लासात मोठी पुडी म्हणजे द्रावण पाचपट घट्ट: २४५ चे झाले १२२५. असं पाणी आतड्यात गेल्यावर उलटंच घडतं. आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढतं. लहान मुलाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. मग "ओआरएस दिलं तरी गुण नाही" म्हणून दुसरी पुडी, तीही ग्लासातच.

अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, हा काटकसरीचा प्रकारही तितकाच वाईट. पुडीतली भुकटी चार वेगवेगळ्या आकाराच्या कणांची असते, हलता-डुलता जड कण खाली बसतात. वरची अर्धी आणि खालची अर्धी सारखी निघेलच असं नाही. एक लिटर लागणार नसेल तर छोट्या पुड्या घ्याव्यात, त्या त्याचसाठी आहेत. ४.४ ग्रॅमला २०० मिली.

लिटर मोजायचं कशानं? घरातल्या तांब्याचा भरवसा नाही, फ्रिजमधल्या स्टीलच्या बाटल्या ७५० नाहीतर ९०० मिलीच्या निघतात, आणि 'चार ग्लास' म्हणावं तर ग्लास दीडशेपासून तीनशेपर्यंत कसलेही असतात. सर्वांत सोपं माप म्हणजे बाजारच्या एक लिटर पाण्याची बाटली. तेवढं पाणी स्वच्छ जगमध्ये ओतायचं आणि पुडी त्यात टाकायची. भरलेल्या बाटलीत थेट पुडी ओतायला जाल तर गळ्याशी भुकटीचा गठ्ठा अडकतो, थोडी बाहेर सांडते आणि माप गेलं.

पुडी फाडण्याआधी उभी धरून दोन टिचक्या मारा, म्हणजे भुकटी खाली बसते. ओतून झाल्यावर आत डोकावून बघा: खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि शिवणीला पांढरी रेघ चिकटलेली दिसते. मोठ्या पुडीत ती सोडून दिली तरी बिघडत नाही. छोटीत अर्धा ग्रॅम जरी राहिला तरी दहावा हिस्सा वाया जातो. तेव्हा पुडीतच दोन चमचे पाणी घालून खळबळून घ्यावी. ढवळताना तळाशी दाणे दिसेनासे होईपर्यंत ढवळायचं. मग चव घ्यायची: आधी खारट, मागून किंचित गोड. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर माप चुकलंय.

विरघळवल्यानंतर उकळायचं नाही. पाण्याची शंका असेल तर आधी उकळून गार करायचं, मग पुडी. साखर, सरबत, दूध, कोल्ड्रिंक काहीही मिसळायचं नाही. 'मूल पीत नाही' म्हणून चमचाभर साखर घातली की तो ७५ ला ७५ चा तोल बिघडलाच. फ्रिजमध्ये ठेवून गार करून दिलं तर चालतं, उलट बरेचदा पोटात टिकतं. झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकायचं.

जुलाब लागलेल्या दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शी नंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्यापुढे हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. घटाघटा पाजलं की परत बाहेर येतं, एवढंच साधं कारण. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून. डोळे खोल गेलेत, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते, सहा तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, तर पुडीच्या भरवशावर घरी बसू नये. रिक्षा गाठावी.

घामाचा हिशेब वेगळा

आता व्यायामवाल्यांकडे. ओआरएस आणि खेळाडूंचं पेय ही भावंडं समजली जातात, पण एक जुलाबासाठी घडवलं, दुसरं मैदानासाठी. गेटोरेड १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉलपटूंसाठी बनवलं गेलं. त्याच्या मूळ प्रकारात लिटरला साधारण ४५० मिलिग्रॅम सोडियम आणि साठेक ग्रॅम साखर असते. ओआरएसमध्ये १७२५ मिलिग्रॅम सोडियम आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे सोडियम जवळपास चौपट आणि साखर पाव. धावणाऱ्याला वाटेत साखर हवी असते, ती ओआरएस देत नाही. आणि जुलाबाच्या पेशंटला सोडियम हवं असतं, ते खेळाचं पेय पुरेसं देत नाही. उलट त्यातली साखर त्याचे जुलाब वाढवू शकते.

घामात मीठ किती जातं हे माणसागणिक बदलतं: लिटरमागे साधारण ४६० पासून १८०० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम. काळा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे ओहोळ उमटत असतील, टोपीच्या काठाला खडूसारखी रेघ येत असेल, घाम डोळ्यांत गेल्यावर झोंबत असेल, तर तुम्ही वरच्या टोकाकडचे. अशांना छोटी पुडी खरंच कामाला येते. २०० मिलीत सुमारे ३४५ मिलिग्रॅम सोडियम मिळतं.

त्यामुळे हिशेब असा बसतो. तासाभराच्या आतलं चालणं, जिम, सूर्यनमस्कार, बॅडमिंटन यांना साधं पाणी आणि नंतरचा नाश्ता पुरे. पोह्यांत जितकं मीठ असतं तितकं पुष्कळ झालं. दीड तासाच्या वर, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, जिथे घाम वाळतच नाही नुसता ओघळतो, एका तासानंतर छोटी पुडी २०० मिलीत, आणि त्यावर तहान लागेल तसं साधं पाणी. पुडी मापातच भिजवायची, पातळ करायचं ते पोटात. इंधन वेगळं: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. राजगिऱ्याची वडी, खजूर, खडीसाखर खिशात मावतात. नवा प्रयोग शर्यतीच्या दिवशी करू नये. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर पोट मुरडायला लागलं तर तिथे उपाय नाही, तेव्हा डिसेंबरच्या लांब रविवारी पोटाला सवय लावून घ्यावी.

पेटके आले की "मीठ कमी पडलं" असं सगळेच छातीठोकपणे सांगतात. पेटक्यांमागे स्नायूंचा शिणही तितकाच असतो. सरावापेक्षा वेगात पळालेल्याचे पेटके कोणत्याही पुडीनं थांबत नाहीत.

वजनकाटा, घरातलाच

नेमकं किती प्यायचं याचं उत्तर कुठल्याच पॅकेटवर सापडायचं नाही, पण बाथरूमच्या काट्यावर सापडतं. लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा. नेहमीच्या वेगानं बरोबर एक तास व्यायाम करा, मध्ये किती प्यायलात ते मोजून ठेवा. परत आल्यावर अंग टिपून, त्याच कपड्यांत पुन्हा वजन. घामानं भिजलेला बनियन अंगात ठेवलात तर तोच दोनशे ग्रॅम खातो. समजा ६८.० चे ६७.१ झाले आणि वाटेत ३०० मिली प्यायलात. गेला ०.९ अधिक ०.३, म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. हाच प्रयोग मे मध्ये, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये एकेकदा करा. आकडे इतके वेगळे येतात की 'दर वीस मिनिटांनी इतके मिली' असल्या सरसकट सल्ल्यावरचा विश्वास उडतो.

गेलेला सगळा घाम तिथल्या तिथे भरायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना झेपते, ६८ किलोला ते सव्वा-दीड किलो होतं. नंतरच्या काही तासांत, घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, जेवणासोबत. आणि व्यायामानंतर वजन वाढलेलं दिसलं तर तो धोक्याचा इशारा समजायचा: घामापेक्षा जास्त पाणी आत गेलंय. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम घसरलेलं निघालं, आणि धावताना वजन वाढणं ही त्यातली मोठी खूण होती. डोकं दुखणं, मळमळ, बोटांतली अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. दिसतात उन्हाच्या त्रासासारखी, म्हणून आसपासचे लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळतं. इथे पेय कोणतं हा प्रश्न दुय्यम ठरतो. खेळाचं पेयही घामापेक्षा पातळच असतं आणि तेही अति प्यायलं तर हेच होतं.

घरचे शेजारी

लिंबू सरबतावर अन्याय होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडू. पाव लिटर पाणी, दोन सपाट चमचे साखर (आठ-नऊ ग्रॅम), अर्धं लिंबू, आणि दोन बोटांच्या मोठ्या चिमटीनं मीठ (अर्धा ग्रॅम). सोडियम सुमारे २०० मिलिग्रॅम, साखर साडेतीन टक्के. म्हणजे खेळाच्या महागड्या बाटलीपेक्षा मीठ जास्त आणि साखर कमी, आणि किंमत चार-पाच रुपये. तेच सरबत गाडीवर चार-पाच चमचे साखरेनं बनतं, ते चवीचं पेय झालं. बर्फ कुठल्या पाण्याचा हा प्रश्न वेगळाच.

ताकही असंच: पाव लिटर पातळ ताकाला अर्धा ग्रॅम मीठ, वर जिरेपूड. पोटॅशियम थोडं, प्रथिनं थोडी, आणि उन्हातून आल्यावर याच्याइतकं जिवाला थंड वाटणारं दुसरं काही नाही. पण धावताना पिऊ नका, हिंदकळतं. कोकणातल्या आगळात मीठ मुळातच सढळ असतं, त्यामुळे आगळाच्या सरबतात किंवा सोलकढीत चव पाहिल्याशिवाय वरून मीठ टाकू नये. पन्हं गुळाच्या मापावर अवलंबून. उसाचा रस म्हणजे दहा टक्क्यांच्या वर साखर. व्यायामानंतर भूक भागवायला ठीक, तहान भागवायला फार गोड, आणि जुलाबात तर अजिबात नको. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमनं श्रीमंत आणि सोडियमनं बेभरवशाचं, घामात गेलेलं मुख्यतः सोडियम. चांगलं पेय आहे, पण शहाळ्याला 'निसर्गाचं ओआरएस' म्हणणाऱ्यांनी हे दोन क्षार शेजारी ठेवून पाहावेत.

यातलं कुठलंही आंबट किंवा खारट पेय तांब्याच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी बाटलीत भरू नका. कळकतं. मग मळमळ उन्हानं झाली की बाटलीनं, हे शोधत बसावं लागतं. पुडीचं द्रावणही काचेत, स्टीलमध्ये किंवा स्वच्छ प्लास्टिकमध्येच.

पुडी मिळालीच नाही तर घरचं द्रावण: एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा, आणि सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग काढलेला. साखर थोडी इकडेतिकडे झाली तर निभतं, मीठ जास्त झालं तर नाही. यात पोटॅशियम नसतं, म्हणून तात्पुरतं. भाताची पेज मीठ घालून दिली तरी चांगली.

खोका आणि डबा

स्ट्रॉच्या खोक्यांबद्दल एक जुनं दुखणं होतं. नावात 'ओआरएस' आणि आत लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे साखर, अशी पेयं वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानांतून विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठ वर्षं लढा दिला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) आदेश काढला: कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात, मागे-पुढे काहीही जोडून, 'ओआरएस' हा शब्द वापरायचा नाही. नाव बदललं तरी खोका तसाच दिसू शकतो आणि ग्राहकाची नजर जुनीच असते, म्हणून मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे तयार पॅकही मिळतात. ओळखायचे कसे? १०० मिलीला साखर १.३५ ग्रॅम आणि सोडियम १७० मिलिग्रॅमच्या आसपास. साखरेपुढे ८ किंवा १० दिसलं तर ते सरबत आहे, मग वर चित्र कशाचंही असो. एक चलाखी लक्षात घ्या: काही ठिकाणी आकडे १०० मिलीचे असतात, काही ठिकाणी 'एका सर्व्हिंग'चे, आणि खोक्यात सर्व्हिंग दोन. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचंही तेच. गोळीमागे सोडियम किती आणि ती किती पाण्यात टाकायची, हे दोन आकडे एकत्र वाचल्याशिवाय एकाला अर्थ नाही.

ग्लुकोजचा डबा म्हणजे जवळपास सगळं ग्लुकोज आणि वर थोडी जीवनसत्त्वं. थकल्यावर गोड पाणी म्हणून घ्या, पण ते ओआरएस नव्हे. जुलाबात देऊ नये.

कोणी जपून

एक लिटर ओआरएसमधलं सोडियम म्हणजे चार ग्रॅमहून जास्त मीठ. प्रौढांनी दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रक्तदाब असलेल्या काकांनी 'अशक्तपणा वाटतोय' म्हणून रोज एक लिटर पुडी संपवली, तर लोणचं-पापड सोडून काही उपयोग नाही. हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी), तर आधी डॉक्टरांना विचारा. पुडीत पोटॅशियमही लिटरला ७८० मिलिग्रॅम आहे. मधुमेह्याला मात्र जुलाब लागले असताना साखरेच्या भीतीनं ओआरएस नाकारणं चूक. द्यावं, आणि साखर तपासत राहावं.

उन्हानं बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये, फुप्फुसात जातं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच घोट-घोट.

रोजच्या साध्या दिवसाला पुडीचा संबंध नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये पुरुषांना अडीच आणि स्त्रियांना दोन लिटर म्हटलं, तेही समशीतोष्ण हवेत, आणि त्यात जेवणातलं पाणी धरलेलं आहे. वरण-भात, आमटी, ताक, कलिंगड, चहासुद्धा, सगळं मोजायचं. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्लात तर तेवढं वरून प्यायला हवं, एवढाच फरक. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात शेतावर किंवा बांधकामावर असलेल्याचा आकडा याच्या दुप्पटही होतो. लघवी फिक्या गवती रंगाची असली की ठीक. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर ती तशीही पिवळीजर्द होते, त्या दिवशी रंगावर विसंबू नका. एकदम लिटरभर पिऊन 'कोटा' पूर्ण करण्यात अर्थ नाही, मूत्रपिंड तासाला लिटरच्या आसपासच बाहेर टाकू शकतं. साठीनंतर तहानेची जाणीव बोथट होते; आजी-आजोबांच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवणं हे कुठल्याही चूर्णापेक्षा कामाचं.

घेताना, ठेवताना

चार माणसांच्या घरात दोन मोठ्या आणि सहा छोट्या पुड्या असाव्यात. प्रवासाच्या बॅगेत छोट्याच; एसटीच्या स्टँडवर लिटरभर द्रावण कोण सांभाळणार. घेताना पुडी दाबून बघा: आत भुकटी सळसळली पाहिजे. कोकणात पावसाळ्यात शिवणीतून दमट हवा शिरली की ढेकूळ होते. पाण्यात पूर्ण विरघळत असेल तर चालते, दगड झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर फेकायची. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, वाफ लागते. बरणीत, घट्ट झाकणाच्या, आणि झाकणावर मुदतीची तारीख लिहून. पुड्यांची गरज पडते ती रात्री दीड वाजता, आणि तेव्हा छोट्या अक्षरातली तारीख कोणालाच वाचता येत नाही.